डाळिंबाच्या फुलांची खोकी

एर्मेलिंदाच्या खोक्यांना हात लावायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. तिच्या माडीवरच्या बंद खोलीत बारा खोकी एकावर एक रचून ठेवलेली, प्रत्येक खोकं सुतळीने करकचून बांधलेलं. बाकीच्या घरांतली खोकी ती दर गुरुवारी स्वतः उघडायची, फुलं मोजायची, एखादी पाकळी वाकडी दिसली की ते फूल बाजूला काढून त्या बाईकडे नुसती बघायची. तेवढं बघणं पुरे असायचं. तिची खोकी मात्र कोण उघडणार? गल्लीची प्रमुख तीच. आणि त्या बाराही खोक्यांत वर एक थर फुलांचा होता, खाली तळापर्यंत जुनी वर्तमानपत्रं.

हे तिला ठाऊक होतं, आणि बहुधा तिच्या नवऱ्याला. सणाला सतरा दिवस उरले होते.

पोर्तुगालमधल्या आमच्या कांपो मायोर गावचा कागदी फुलांचा सण दर वर्षी येत नाही. लोकांच्या मनात आलं तर होतो, नाही आलं तर पाच-सहा वर्षं होत नाही. पण एकदा करायचा ठरला की अख्खं गाव नऊ महिने दारं लावून बसतं. प्रत्येक गल्लीचं फूल वेगळं, रंग वेगळे, आणि ते शेजारच्या गल्लीला सणाच्या सकाळपर्यंत कळता कामा नये. सख्खी बहीण बहिणीला सांगत नाही. आमच्या बायका पाद्रीबाबांना पाप सांगतील, पण फूल सांगणार नाहीत.

एर्मेलिंदा हौदाच्या गल्लीची प्रमुख झाली त्याला तीन सण उलटले होते. एकसष्टीची बाई, बुटकी, रुंद, आणि आवाज असा की हौदापाशी बोलली तर चर्चच्या पायरीवरचा म्हातारा मान वर करायचा. सुतारांनी उभी केलेली कमान दोन बोटं कलली आहे, हे तिने जिन्यातून नुसतं बघून सांगितलं होतं. सुतार हसले, दोरी लावून बघितली, आणि मग मुकाट्याने खिळे काढायला लागले. माणूस चुकला की ती सोडायची नाही. तिच्या तोंडाला कंटाळणारे खूप होते, पण गल्ली तिच्याच हाती द्यायची, याबद्दल मात्र एकमत. लगाम खेचणारी असल्याशिवाय चाळीस घरं एका दिशेने चालत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या वर्षी तिने ठरवलं होतं की गल्लीभर वर बदामाच्या पांढऱ्या फुलांचं छत घालायचं आणि तोंडाशी कमान उभारायची, ती डाळिंबाच्या लाल फुलांची. बदामाचं फूल सोपं. ते घराघरांत वाटून दिलं.

"आणि डाळिंबाचं, मावशी?" कुणीतरी विचारलं होतं.

"कमानीचं मी बघते."

बाराशे फुलं. एकटी. कुणाला फार आश्चर्य वाटलं नाही, कारण डाळिंबाचं फूल करणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. जाड लाल क्रेप कागदाची पट्टी विणायच्या सुईवर गुंडाळून दाबायची, म्हणजे तिला सुरकुत्या पडतात. मग तिचा पेला वळायचा, काठाला सहा टोकं कापायची, आत पातळ कागदाच्या चुरगळलेल्या पाकळ्या आणि पिवळ्या दोऱ्याचे तुरे. आणि शेवटी खरी मेख: पेल्याच्या बुडाशी अंगठा आणि तर्जनी यांनी एकदाच, नेमक्या जोराने दाबून कंबर काढायची. जोर कमी पडला तर फूल भोपळ्यासारखं दिसतं, जास्त पडला तर कागद फाटतो. जुन्या पेर्पेतुआ आजीने हे फूल गल्लीतल्या दोनच मुलींना शिकवलं होतं, एकाच बाकावर बसवून. एक एर्मेलिंदा. दुसरी ओदेत.

तर ही कंबर एर्मेलिंदाच्या हातून जानेवारीपासून निघेना.

आधी तिला वाटलं, थंडीने बोटं आखडली असतील. ती हात शेगडीवर धरायची, तेल चोळायची. फेब्रुवारीत उजवा हात बसल्या जागी थरथरायला लागला. मार्चमध्ये ती बसने एल्वासला जाऊन डॉक्टरला भेटून आली. गल्लीत सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायला गेले होते. डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि शेवटी म्हणाला, हे वाढत जातं, बाई. परतीच्या बसमध्ये तिने हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

दिवसाला कशीबशी दोन फुलं जमायची. कधी एकही नाही. फाटलेले पेले ती चुलीत घालायची. मे महिन्यात बायका विचारायला लागल्या, मावशी, तुमची किती झाली? तेव्हा तिने पहिलं खोकं खाली आणून झाकण उचलून दाखवलं. वरचा थर लालभडक. "वा!" सगळ्या म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग दुसरं खोकं भरलं, तिसरं भरलं. वर्तमानपत्रं चुरगळायला कंबर काढावी लागत नाही.

हे तिने का केलं, असं आता लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. जी बाई तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका बोटाने दाखवत आली, तिचं तेच बोट कापायला लागलं तर तिने ते लपवू नये तर काय करावं? ती रोज स्वतःला सांगायची, उद्या हात बरा असेल, उद्या पन्नास करीन.

नवरा जेर्मानो तरुणपणी पाठीवर कॉफीची पोती घेऊन चोरवाटेने स्पेनमध्ये पोचवायचा. बघून न बघितल्यासारखं करणं हे त्याच्या हाडात मुरलेलं. बायको दोन्ही हातांनी कप धरते हे त्याने बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा कप अर्धाच भरायला लागला. बोलला मात्र काही नाही.

बोलली ती मुलगी. ग्रासिंदा लोहारगल्लीत दिलेली, आणि तिची सासू त्या गल्लीची प्रमुख. म्हणजे सणाच्या वर्षी मायलेकी एकमेकींकडे यायच्या त्या फक्त खालच्या स्वयंपाकघरापर्यंत. माडीच्या जिन्यावर पाऊल ठेवायची मुलीला बंदी. रविवारी दुपारी ती आली, आईने तिच्यापुढे कॉफी ठेवली, आणि बशी खडखड वाजली.

"आई, हात दाखव."

"हाताला काय झालंय? उकाडा आहे."

"उकाड्याने हात कापतो होय? दाखव म्हणते ना!"

एर्मेलिंदाने हात पदराआड न्यावा तसा एप्रनखाली नेला. मुलीने तो बाहेर ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या मुठीतही तो कापतच राहिला. ग्रासिंदाने तो हळूच टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "किती झालीत?"

"काय किती?"

"आई, मी तुझ्याच पोटची आहे. किती झालीत?"

"शंभर. एकशे तीस."

"आणि पाहिजेत किती?"

एर्मेलिंदाने आकडा सांगितला. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने एकदा रस्त्याकडच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐक माझं. जे काय फूल असेल ते मला येतं, सगळी तूच शिकवलीस. कागद पिशवीत घालून दे, वर भाजी टाकते. सासूबाई दुपारी तीन तास घोरतात. आमच्या जुन्या गोठ्यात बसून करीन, रोज संध्याकाळी पोचवीन. कुणाला कळतंय?"

"कागद दिला की रंग कळला."

"मला कळेल! मी काय दवंडी पिटणार आहे?"

एर्मेलिंदा उठली. जिन्याच्या तीन पायऱ्या चढली, मग आणखी चार. लेक विश्वासाची होती, यात शंका नव्हती. शंका होती ती एवढीच की उद्या गोठ्यात सासूचा पाय पडला तर हौदाच्या गल्लीचं नाक कापलं जाईल, आणि ते कापणारी प्रमुखच असेल. वरच्या खोलीत तिने लाल कागदाचं भेंडोळं पिशवीत कोंबलंसुद्धा. तेवढ्यात खिडकीच्या झडपेच्या फटीतून तिला समोरचं घर दिसलं. ओदेतचं. त्याच्या झडपा भर दुपारी असतात तशा बंद होत्या, पण एर्मेलिंदाला आठवली ती मागच्या सणातली नऊ दिवसांची बंद झडप.

मागच्या सणाच्या आधी दहा दिवस ओदेतला ताप भरला होता. एकटी बाई. तिची बहीण लोहारगल्लीतून तिला औषध द्यायला आली, आणि पलंगाशेजारी फुलांची परडी होती ती तिने बघितली. एवढंच. बहीण कुणाशी बोललीही नसेल. पण गुरुवारच्या बैठकीत एर्मेलिंदाने सगळ्यांसमोर ओदेतला उभं केलं आणि सांगितलं, तुझ्या घरचं एकही फूल वर चढणार नाही. ओदेत म्हणाली, "एर्मे, मला ताप होता गं." एर्मेलिंदा म्हणाली, "ताप सगळ्यांना येतो. नियम सगळ्यांना असतो." ओदेतने नऊ महिने बसून केलेली दीड हजार फुलं तिच्याच घरात राहिली. सण नऊ दिवस चालला, दारावरून हजारो माणसं माना वर करून गेली, आणि तिने झडप उघडली नाही. त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघींमध्ये साधं "काय, कशी आहेस" सुद्धा नव्हतं.

एर्मेलिंदाने भेंडोळं पिशवीतून काढून ठेवलं आणि रिकाम्या हातांनी खाली आली.

"जा तू घरी."

"आई!"

"जा म्हणते ना. आणि सणापर्यंत येऊ नकोस."

"मी परकी झाले का गं?"

"या सणापुरती आहेस," एर्मेलिंदा म्हणाली. ग्रासिंदा रडत गेली. एर्मेलिंदा स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि तिला पहिल्यांदा कळलं की ओदेतला ती काय बोलली होती.

दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून समोर गेली. बारा पावलांचा रस्ता, पण सहा वर्षांत तिने तो ओलांडला नव्हता. ओदेतने दार उघडलं ते एक हातभर. ओदेत तिच्याच वयाची, काटकुळी, ओठ नेहमी मिटलेले.

"काय पाहिजे?"

"माझा हात गेलाय, ओदेत."

ओदेतने हाताकडे बघितलं. आत ये म्हणाली नाही.

"कमानीची फुलं व्हायची आहेत. डाळिंबाची. तू आणि मी, गल्लीत दोघींनाच येतात. मी वर्तमानपत्रं भरलेली खोकी लोकांना दाखवलीत. आता तूच..."

"म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," ओदेत म्हणाली. "हे दर गुरुवारी चालू होतं?"

"हो."

"आणि आता माझ्या दारात कानाशी लागून सांगतेयस. म्हणजे मी घरात बसून गुपचूप फुलं करायची, तुझी खोकी भरायची, आणि कमानीखाली लोक म्हणणार, एर्मेलिंदामावशीच्या हाताला तोड नाही."

एर्मेलिंदाने खाली बघितलं. खरं तर तिच्या मनात नेमकं तेच होतं. कबूल करायला तिला आजवर कुणी लावलं नव्हतं.

"मला सगळ्यांसमोर बोललीस ना? तर मग तुझंही तिथेच बोल. माझ्या दारात नको." ओदेतने दार लावायला घेतलं, मग पुन्हा थोडं उघडलं. "बोललीस तरी मी करीनच असं नाही. ते लक्षात ठेव."

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस एर्मेलिंदाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. जेर्मानो भाकरी पाण्यात कुस्करून, लसूण-कोथिंबीर घालून वाडगा पुढे ठेवायचा आणि ती तो तसाच परत द्यायची. बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, "खोकी उचलायला मला किती वाजता यायला सांगतेस?" तिने चमकून बघितलं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. "चारला," ती म्हणाली.

बैठक जुन्या ऑलिव्हच्या गोदामात व्हायची. लांब टेबल, खळीचे वाडगे, तारांची बंडलं, आणि भोवती फुलं चिकटवत बसलेल्या अकरा बायका. त्या दिवशी आधीच वातावरण तापलं होतं, कारण लुसीलिया म्हणून एक तरुण सून होती, तिची बदामाची फुलं चाळीसने कमी भरली होती. तिच्या मुलाला गोवर निघाला होता.

"गोवर बरोबर सणाच्या तोंडावरच निघाला का गं?" दुल्से म्हणाली. दुल्सेला प्रमुख व्हायचं होतं, हे गोदामाच्या उंदरांनाही माहीत होतं. "तेवढा छताचा तुकडा उघडा राहिला तर खालून काय दिसेल? तुझ्या पोराचे ठिपके?"

दोघी-तिघी हसल्या. लुसीलियाचे डोळे भरून आले. आता सगळ्यांच्या माना एर्मेलिंदाकडे वळल्या, कारण पुढचं वाक्य तिचं असायचं.

एर्मेलिंदा बसूनच राहिली. हात मांडीवर, एप्रनखाली. दाराबाहेर जेर्मानो ढकलगाडी घेऊन उभा होता. तिने मान हलवली तशी त्याने एकेक खोकं आत आणून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. बारा झाली. बायका कौतुकाने सरसावल्या.

"लुसीलिया, सुतळी काप," एर्मेलिंदा म्हणाली.

"मी, मावशी?"

"तूच. माझ्याने कात्री धरवत नाही."

सुतळ्या तुटल्या. एर्मेलिंदाने उठून पहिलं खोकं दोन्ही हातांच्या कोपरांमध्ये धरून टेबलावर पालथं केलं. अकरा फुलं पडली आणि त्यांच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग. मग दुसरं. तिसरं पालथं करताना ते निसटून खाली पडलं, कुणी उचललं नाही.

"सगळी अशीच आहेत," ती म्हणाली. "बाराशे पाहिजेत, एकशे तीस आहेत. जानेवारीपासून माझा हात गेलाय आणि मी तुम्हाला फसवत आले. तुमची फुलं मोजत होते आणि माझी ही होती." तिने एप्रनखालून हात काढून टेबलावर ठेवला. तो तिथे थरथरत राहिला आणि त्याखालचा कागद सळसळ वाजत राहिला. "आणखी एक सांगायचंय. मागच्या सणाला ओदेतला खरोखरच ताप होता. मला ते माहीत होतं. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला होता, आणि तरी इथे येऊन तशी बोलले. मला दाखवायचं होतं की मी कुणाची गय करत नाही."

हे तिने जेर्मानोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगताना तिची मान खाली गेली नाही, पण आवाज मात्र तिचा राहिला नव्हता.

दुल्से पहिली भानावर आली. "तेरा दिवस! तेरा दिवसांत कमानीवर काय लावायचं, ही वर्तमानपत्रं? लोहारगल्लीवाले हसून हसून लोळतील!" मग तिचा आवाज आणखी चढला. "आणि नियम काय आहे? जिच्यामुळे गल्लीची लाज जाते तिच्या घरचं एक फूल वर चढत नाही. तुम्हीच केलेला नियम ना, मावशी?"

"मीच."

"मग ही एकशे तीस पण नाही चढणार."

"नाही चढणार," एर्मेलिंदा म्हणाली. कमानीत तिचं एकही फूल नसेल, आणि पुढच्या सणापर्यंत हात काहीच करण्याजोगा राहणार नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने ती फुलं गोळा करायला घेतली. बोटांना ती धरता येईनात, म्हणून तळव्याने एका बाजूला लोटायला लागली.

"हात लावू नकोस त्यांना. चेपशील."

ओदेत दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. तिच्या हातात तिची स्वतःची कात्री होती आणि विणायच्या दोन सुया. ती सरळ टेबलापाशी आली, आणि सहा वर्षं ज्या गोदामात तिने पाऊल ठेवलं नव्हतं तिथे लुसीलियाने सरकून करून दिलेल्या जागेवर बसली. एक फूल उचललं, उलटं केलं, बुडाशी बघितलं. दुसरं उचललं. तिसरं. लुसीलियाने उरलेल्या खोक्यांतली फुलंही तिच्यापुढे आणून ठेवली; काही तिने बाजूला काढली, फार नाहीत. सगळ्या बघत होत्या, आणि सगळ्यांत जास्त एर्मेलिंदा.

"यातली एकशे एकोणीस चांगली आहेत," ओदेत म्हणाली.

"पण नियम..." दुल्से म्हणाली.

"नियम माझ्यावर चालवला तेव्हा तू पण हात वर केला होतास, दुल्से. मला दिसत होतं." ओदेतने लाल कागद पुढे ओढला. "बाराशेतून एकशे एकोणीस गेली की राहतात एक हजार एक्याऐंशी. ही टाकून दिली तर बाराशे मला करावी लागतील. माझी बोटं काय सरकारी आहेत? चढतील ही, आणि वर चढतील, कमानीच्या शेंड्याला, जिथे सगळ्यांना दिसतील. आता गप्प बसा आणि बघा, कंबर कशी काढायची ती. एकदाच दाखवणार आहे."

तिने पट्टी सुईवर गुंडाळली. दुल्सेने तोंड वाकडं केलं, पण खुर्ची जवळ ओढली. अकराही बायका टेबलावर वाकल्या.

एर्मेलिंदा खोक्यांशेजारी उभीच होती. ती रडायला लागली. तिला रडताना गल्लीत कुणी कधी बघितलं नव्हतं. ती मोठ्याने, लहान मुलासारखी, खांदे हलवत रडत होती. सगळ्यांचे हात खळीने बरबटलेले, त्यामुळे कुणी उठून तिला जवळ घेतलं नाही. ओदेतने मान वर केली नाही. तिचा अंगठा आणि तर्जनी पेल्याच्या बुडाशी टेकलेली होती.

"एर्मे, रडायचं तर तिकडे लांब बसून रड," ती म्हणाली. "कागदावर पाणी पडलं तर रंग सुटतो."